गर्द (ब्राऊन शुगर) सुटली, आता गोळी चालू ठेवावी की नाही? मदत हवी आहे

धाकट्या भावासाठी विचारतेय. वय २९, चार वर्षं गर्द ओढत होता, इंजेक्शन कधीच नाही. एका केंद्रात दोनदा महिनाभर राहून आला. दोन्ही वेळा घरी आल्यावर सहा-सात आठवड्यांत परत सुरू. दारू नाही, कावीळ-एचआयव्हीच्या तपासण्या झाल्यात, सगळं ठीक आहे.

आता मानसोपचारतज्ज्ञांनी ब्युप्रेनॉर्फिन-नॅलोक्सोन सुरू केलंय, गर्दऐवजी द्यायची, तलफ थांबवणारी, जिभेखाली ठेवायची गोळी. तीन महिने झाले, तलफ नाही, झोप लागते, कामावर जातो. पण घरात वाद पेटलाय. बाबा म्हणतात, "एक व्यसन सोडून दुसरं लावलंत." त्यांना ती बंद करायचीय. डॉक्टर म्हणतात, घाईने बंद केली तर धोका जास्त, कारण शरीराला गर्दची सवय राहिलेली नसते आणि पुन्हा पूर्वीइतकीच गर्द घेतली तर जीवावर बेतू शकतं. मला त्यांचं पटतं, पण बाबांना पटवता येत नाही.

नॅलट्रेक्सोनचाही (गर्दचा परिणामच होऊ न देणारं दुसरं औषध) विषय निघाला होता, पण त्याआधी सात ते चौदा दिवस ही गोळीसुद्धा पूर्ण बंद हवी म्हणे. त्या दिवसांची मला धास्ती वाटते.

१४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर बोलून झालंय. परत निवासी केंद्र नको, नोकरी जाईल. आम्ही साताऱ्याजवळ राहतो, पुण्याला महिन्यातून एकदा जमेल.

ज्यांच्या घरी कुणी ही गोळी घेतली, त्यांनी सांगा: किती काळ घेतली, आणि कमी करताना डॉक्टरांनी किती सावकाश केली?