टाइप 1: धाकट्याची अँटीबॉडी टेस्ट कुठे करावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मुलीला टाइप 1 डायबेटिस आहे, इन्सुलिन सुरू आहे. आता तिच्या 9 वर्षांच्या भावाची तपासणी करायची आहे. त्याला काहीच त्रास नाही, पण ताईचा ग्लुकोमीटर दिसला की बोट पुढे करतो! साखर नॉर्मल येते. मात्र साखर वाढण्याच्या कितीतरी आधी रक्तात अँटीबॉडीज (शरीर स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला करत असल्याची खूण) दिसू शकतात, म्हणून नुसत्या शुगरवर भागणार नाही.

पुण्या-मुंबईत जीएडी, आयए-2, झेडएनटी8 (ZnT8) आणि इन्सुलिन अँटीबॉडी या चारही टेस्ट एकत्र कोणी केल्यात का? खर्च किती आला? मला भेटलेल्या लॅबवाल्याने फक्त जीएडी पुढे केली. एकच निगेटिव्ह आली म्हणून निर्धास्त कसं व्हायचं?

दुसरं, टेप्लिझुमॅब, म्हणजे टाइप 1 ची सुरुवात पुढे ढकलणारं औषध. अमेरिकेत 2022 मध्ये मंजुरी मिळाली. 14 दिवस रोज सलाइनमधून देतात. दोन किंवा जास्त अँटीबॉडीज असून साखर थोडी बिघडलेली, अशांचा आजार सुरू होणं सरासरी दोनेक वर्षं पुढे जातं. भारतात कोणाच्या मुलाला मिळालंय का?

करेला ज्यूसचे सल्ले कृपया नकोत, घरच्यांनी भरपूर दिलेत. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर मुलाला काय आणि किती सांगितलंत, तेही लिहा.