मदत हवी आहे: नवं लेदर होल्स्टर फारच घट्ट

मंडळी, पट्ट्याला लावायचं नवं लेदर होल्स्टर घेतलंय. शिवण, कातडं एक नंबर; पण पिस्तूल आत जाताना करकरतं आणि बाहेर ओढलं की होल्स्टरसकट पट्टाच वर येतो. ट्रिगर गार्डभोवती (म्हणजे घोड्याभोवतीच्या कडीला) कातडं दाबून आकार दिलाय, अडकतं नेमकं तिथंच.

वाचलेला उपाय असा: मॅगझीन (गोळ्यांची पेटी) काढायचं, चेंबर (नळीच्या मागची गोळी बसायची जागा) रिकामं आहे ना हे दोनदा बघायचं, मग पिस्तूल पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आत बसवायचं आणि रात्रभर तसंच ठेवायचं. हे पटतं. पण पिशवी एकपदरी की दुहेरी? एकदा जास्त ताणलेलं कातडं पुन्हा आवळणं अवघड, म्हणून धास्ती.

तेल लावायचा सल्लाही मिळतो, तो काही रुचत नाही. तेलानं कातडं लुळं पडतं, पकड जाते. ओलं करून हेअर ड्रायर मारायचं तर नावच नको.

आणखी एक, वरच्या पट्टीचं बटण जेमतेम अर्धा सेंटिमीटर कमी पडतंय. पिस्तूल नीट तळापर्यंत बसलं की ते आपोआप लागेल, की पट्टी वेगळी ताणावी लागेल? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा.