पाठीवर सॅक आणि समोर सिडनी: तुमचे अनुभव सांगा

ओंजळ

माझ्या भाचीचा ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या सोडतीत नंबर लागला. 2024 पासून ही सोय भारतीयांना खुली झाली आहे. वय 18 ते 30, वर्षाला 1,000 जागा, आणि मागणी जास्त म्हणून सोडत. वर्षभर फिरायचं आणि फिरता फिरता कामही करायचं. नोव्हेंबरात ती सिडनीत उतरते आहे. ताई-भावजींना आनंद आहेच, पण घोरही लागलाय. पोरगी एकटी, हॉस्टेलच्या खोलीत सात-आठ अनोळखी माणसं, कसं व्हायचं?

मी 2017 साली नऊ दिवस अशीच राहून आले. त्यातली एक गोष्ट आजही मनातून जात नाही. सर्क्युलर की हा तिथला मुख्य धक्का. तिथून मॅनलीची फेरीबोट सुटते, अर्ध्या तासाचा प्रवास. बस-ट्रेनला चालतं तेच ओपल कार्ड इथेही चालतं. धक्का सोडला की डाव्या हाताला हार्बर ब्रिज, उजव्या हाताला ऑपेरा हाऊस. पुढे बंदराचं तोंड लागतं, तिथे पॅसिफिकच्या लाटा थेट आत येतात आणि एवढी मोठी बोट डुलायला लागते. गेटवेहून मांडव्याला पावसाळ्याच्या तोंडावर गेलेल्यांना हे डुलणं ओळखीचं वाटेल. मी तीन संध्याकाळी नुसती जाऊन-येऊन केली. येताना सूर्य पुलाच्या कमानीमागे उतरत असतो.

आणि ऑपेरा हाऊसला हात लावून या. लांबून ते पांढरंशुभ्र दिसतं. जवळ गेल्यावर कळतं की टाइल्स दोन जातीच्या आहेत, काही चकचकीत पांढऱ्या, काही सायीच्या रंगाच्या, बिनचमकीच्या. अशा दहा लाखांवर आहेत. ज्याने हे कल्पिलं तो योर्न उत्झोन वाद होऊन 1966 मध्ये देश सोडून गेला. 1973 मध्ये इमारत खुली झाली, पण पुरी झालेली पाहायला तो कधीच परत आला नाही. हे वाचल्यावर मी पायऱ्यांवर बराच वेळ बसून राहिले होते.

आता तुम्ही लिहा. टूरच्या पत्रकात असतं ते नको. घरचं माणूस निघालंय, त्याला तुम्ही काय सांगाल ते लिहा.

मालवणी मीठ

भाचीला बाकी काही नाही सांगितलं तरी चालेल, एवढं सांगा.

मी मालवणचा. चालायला लागलो तसा पाण्यात आहे. सिडनीच्या बोंडाय किनाऱ्यावर पोचलो तेव्हा समुद्राची भीती म्हणून मनात नव्हती. शहरातून 333 नंबरची बस जाते. ती किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला आधी पोचते, त्यामुळे नवखा माणूस तिथेच उतरतो आणि समोर दिसेल त्या पाण्यात जातो. नेमकी त्याच टोकाला समुद्राची ओढ कायमची असते. तिथले लोक तिला ‘बॅकपॅकर्स रिप’ म्हणतात, कारण सॅकवाले प्रवासी तिच्यात सापडतात. हे नाव मला बाहेर काढल्यानंतर कळलं.

डावीकडे लाटा पांढऱ्या होऊन फुटत होत्या. माझ्यासमोर मात्र वीस-पंचवीस फुटांचा पट्टा गुळगुळीत, जरा गडद. मला वाटलं, बरं झालं, इथे लाट नाही, आरामात पोहता येईल. लाट तिथे फुटत नाही कारण तिथे पाणी खोल असतं, आणि किनाऱ्यावर चढलेलं सगळं पाणी त्याच वाटेने परत समुद्रात जात असतं. कमरेइतक्या पाण्यात होतो, आणि बघता बघता पाय टेकेनात. मी किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन हात मारत होतो. वाळूवर बसलेला माझा मित्र लहान होत चालला होता. मी ओरडलो तर त्याने हसून हात हलवला, त्याला वाटलं मी मजेत बोलावतोय. दंड भरून आले, तोंडात पाणी जायला लागलं.

निळ्या कपड्यातला एक लाइफगार्ड फळीवर पालथा पडून हात मारत आला. वीस-बावीस वर्षांचा असेल. त्याने मला फळीवर ओढलं आणि बाजूला, लाटा फुटत होत्या त्या दिशेने नेलं. मग लाटेनेच आम्हाला वाळूवर आणून सोडलं. मला आईची आठवण येऊन रडू फुटलं. तो माझ्या शेजारी गुडघ्यावर बसून राहिला आणि शांतपणे समजावत राहिला.

त्याने सांगितलं ते असं. ही ओढ बाहेर नेते, खाली बुडवत नाही. माणूस बुडतो तो दमल्यामुळे. म्हणून तिच्याशी झुंजायचं नाही. उताणं तरंगायचं, हात वर करायचा, मदत येते. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, लाटा फुटतात तिकडे सरकायचं. आणि पाण्यात उतरायचं ते लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. समुद्र बघून रोज झेंड्यांची जागा ठरते. झेंडे नसतील तर काठावर बसा.

याच बोंडायला 6 फेब्रुवारी 1938 रोजी लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि शेकडो माणसं एकदम आत ओढली गेली. स्वयंसेवकांनी अडीचशेच्या आसपास लोक बाहेर काढले, तरी पाच जण गेले. तेही पोहायलाच आलेले लोक होते. गणपतीपुळ्याचा समुद्र असाच दगा देतो हे आपल्याला माहीत असतं, तरी परक्या किनाऱ्यावर आपण विचारत नाही. विचारा.

घाटपायथा

विमानतळाबद्दल थोडक्यात. विमानतळाच्या स्टेशनवरून ट्रेनने शहरात गेलात तर तिकिटावर वेगळा अधिभार बसतो, आणि तो मूळ भाड्याच्या कितीतरी पट आहे. सामान एका सॅकपुरतंच असेल तर 420 नंबरची बस धरून मॅस्कॉट स्टेशनला जा आणि तिथून ट्रेन पकडा. दुसरं, ओपलला दिवसाच्या आणि आठवड्याच्या भाड्याची कमाल मर्यादा असते. ती गाठली की पुढचा प्रवास फुकट. शुक्रवार ते रविवार रोजची मर्यादा जवळजवळ निम्मी होते. ब्लू माउंटन्सला, म्हणजे कटूंबाला, ट्रेनने दोन तास लागतात, तेही याच कार्डावर. लांबचं रविवारी उरका.

हॉस्टेलच्या लॉकरला कुलूप आपलं लागतं. घरून न्या.

पाणकळा

मुलीबद्दल विचारलंय म्हणून लिहिते. मी पुण्यात टँकवर लेडीज बॅचला पोहायला शिकले. समुद्रात पोहण्याचा विचार कधी केला नव्हता, कारण अंगावर नजरा घेऊन पाण्यात उतरायची माझी तयारी नसते.

बोंडायहून कूजीपर्यंत समुद्राच्या कडेने सहा किलोमीटरची पायवाट आहे. वाटेत वेव्हर्लीची जुनी दफनभूमी लागते, 1877 पासूनची. पांढऱ्या संगमरवरी क्रॉसच्या रांगा थेट कड्यापर्यंत गेल्या आहेत. तिथून चालत कूजी गाठलं आणि पुढे जरासं गेल्यावर झाडीआड एक छोटं फाटक दिसलं. मॅकआयव्हर्स लेडीज बाथ्स. फक्त बायका आणि लहान मुलं. थोडीशी नाणी देऊन आत जायचं.

कातळातल्या पायऱ्या उतरले तर खाली खडकात बांधून काढलेला समुद्राचाच तलाव. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला बुटकी भिंत. लाट आली की भिंतीवरून पाणी आत ओततं. तळाशी खडकाच्या फटीत काळे काटेरी समुद्री साळ दिसत होते. सत्तरीच्या आज्या, बाळाला घेऊन आलेली आई, बुरखा काढून ठेवून पोहणारी मुलगी, उन्हात पडलेल्या बायका. कुणाच्या अंगावर किती कपडा आहे इकडे कुणी मान वळवत नव्हतं. पाणी इतकं गार की आधी श्वासच अडकला. पांढऱ्या केसांच्या एका बाईंनी खूण करून दाखवलं, खांदे आधी भिजव. मग मी दोन तास बाहेर आले नाही.

सिडनीत सात दिवस होते, त्यातले चार दिवस तिथे गेले. तुमच्या भाचीला पोहायला येत नसेल तरी नुसती बसू दे तिथे.

कातळवाट

बोंडायच्या उत्तरेच्या टोकाला वर गोल्फचं मैदान आहे. बाजूला उंच धुराडं दिसतं, ती खूण धरायची. त्या मैदानातल्या उघड्या खडकावर मासे कोरलेले आहेत, हे मला हॉस्टेलमधल्या एका जर्मन मुलाने सांगितलं. मी रत्नागिरीचा. आमच्या सड्यावरची कातळशिल्पं लहानपणापासून पाहतोय, त्यामुळे पहाटेच निघालो.

ऊन तिरपं असतानाच रेघा दिसतात. आधी छोटे खड्डे पाडायचे, मग घासून ते जोडायचे, अशी ती पद्धत. एक मोठा मासा होता, त्याच्या कल्ल्याची रेघ स्पष्ट होती. आपला जांभा, त्यांचा वालुकाश्म. करणारी माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत. तरी मी उकिडवा बसलो आणि गावच्या सड्यावर बसतो तसंच वाटलं. 1960 च्या दशकात इथल्या रेघा पुन्हा कोरून खोल केल्या गेल्या, त्यामुळे मूळ हात किती आणि नंतरचा किती हे आता डोळ्यांना कळत नाही. याचं फार वाईट वाटतं. आपल्याकडे तरी असं होऊ नये.

सर्क्युलर कीच्या ज्या धक्क्यावर सगळे फोटो काढतात, त्या खाडीला तिथले मूळ रहिवासी गाडिगल लोक वाराने म्हणतात. 1788 मध्ये गोऱ्यांची जहाजं आली त्याच्या हजारो वर्षं आधीपासून हे लोक तिथे मासे धरत होते. शहर बघताना एवढं लक्षात असू द्या. आणि खडकावर पाय देऊ नका.

निवांत

वय 61, सौ. 58. आम्ही दोघं 2023 च्या डिसेंबरात हॉस्टेलमध्येच राहिलो. बुकिंग करताना खालचा बंक मागून घ्यायचा, कुणी नाही म्हणत नाही. सकाळी स्वयंपाकघरात हिने कांदेपोहे केले तर ब्राझीलची दोन मुलं वही घेऊन शेजारी उभी राहिली. पोहे, मोहरी, कढीपत्ता सगळं हॅरिस पार्क या उपनगरात मिळालं. सेंट्रलहून ट्रेनने जाता येतं.

माझं खरं काम सिडनी क्रिकेट ग्राउंडला होतं. जानेवारी 2004 मध्ये सचिनने इथे नाबाद 241 केल्या. त्या मालिकेत कव्हर ड्राइव्ह मारताना बाद होत होता, म्हणून तो फटकाच त्याने बाजूला ठेवला. पहाटे पाचला उठून मी आणि माझे वडील टीव्हीसमोर बसायचो. वडील आता नाहीत. सचिनच्या पन्नासाव्या वाढदिवसाला, 24 एप्रिल 2023 रोजी, तिथल्या एका फाटकाला लारा आणि तेंडुलकर यांचं नाव दिलं. पाहुणा संघ त्यातूनच मैदानात उतरतो. मैदान दाखवणाऱ्या टूरमध्ये ते फाटक पाहिलं. लोखंडाला हात लावला तेव्हा वडील शेजारी आहेत असं वाटलं.

दुपारपाळी

काम करणार आहे म्हणून लिहितो. मी तिथे शिकत असताना एका कॅफेत लागलो. कायद्याच्या दरापेक्षा बरंच कमी, तेही रोख, आणि पहिले दोन दिवस ‘ट्रायल’ म्हणून फुकट. मालक आपल्याच भाषेत गोड बोलायचे, त्यामुळे तीन महिने मी गप्प राहिलो. ते चुकलं. 1 जुलै 2025 ला किमान वेतन तासाला 24.95 डॉलर झालं, आणि कॅज्युअल, म्हणजे लागेल तसं बोलावलेल्या, कामगाराला त्यावर 25 टक्के जास्त. पगारानंतर कामाच्या एका दिवसात पे-स्लिप द्यावीच लागते. व्हिसा कोणताही असो, फेअर वर्क ओम्बड्समन या कामगारांच्या तक्रारी बघणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जाता येतं. मी रोजचे तास वहीत लिहून ठेवले होते, त्या वहीच्या जोरावर फरकाचे बरेचसे पैसे मिळाले. भाचीला पहिल्या दिवसापासून वही घालायला सांगा.

ओंजळ

सगळे प्रतिसाद तिला मोठ्याने वाचून दाखवले. मालवणी मीठ, तुमचा वाचताना ताई उठून आत गेली. भाचीचा एकच प्रश्न आहे, आजीचा गोडा मसाला आणि पेढे न्यायचे का?

घाटपायथा

विमानात मिळणाऱ्या कार्डावर खायचे पदार्थ आहेत म्हणून ‘हो’ लिहायचं, मग भीती नाही. लपवलं तर मोठा दंड होतो. माझा मसाला त्यांनी पाहून परत दिला, पेढे दुधाचे म्हणून काढून घेतले.

ओंजळ

मग पेढे इथेच खाऊन जाईल. कुलूप आणि वही आजच घेतली. रविवारी तिला घेऊन अलिबागला चालले आहे. पाण्यात उतरायचं नाही, काठावर उभं राहून लाट कुठे फुटते आणि कुठे फुटत नाही ते नुसतं बघत बसायचं.