काम परदेशी गेले, म्हणून सरकारने वेगळी भरपाई द्यावी का?

मध्यमपदलोपी (धागालेखक)

अमेरिकेतील 'ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स' ही योजना, जिला पुढे मी टीएए म्हणेन, १ जुलै २०२२ रोजी मुदत संपल्यामुळे थांबली. आधी मंजुरी मिळालेल्यांचे लाभ चालू राहिले, पण नवा अर्ज मंजूर करण्याचा अधिकार तिथल्या कामगार खात्याला उरला नाही. आयात मालाच्या स्पर्धेमुळे किंवा कारखाना देशाबाहेर हलवल्यामुळे ज्यांची नोकरी गेली, त्यांच्यासाठीची ही योजना १९६२ साली केनेडी यांच्या कारकिर्दीत व्यापारविस्तार कायद्याबरोबर आली होती. ती बंद पडायला नको होती आणि आता पुन्हा सुरू व्हावी, असे माझे मत आहे.

आयात मालावरची जकात कमी करण्याचा निर्णय सरकार घेते आणि त्यात देशाचे एकंदर भले आहे असे सांगते. बहुतेक वेळा ते खरेही असते. फ्रिज थोडा स्वस्त होतो आणि तो घेणारे कोट्यवधी असतात. मात्र त्याची किंमत चुकवणारे थोडे असतात आणि बरेचदा एकाच गावात राहतात. इलिनॉय राज्यातल्या गेल्सबर्ग गावातला मेटॅग कंपनीचा फ्रिजचा कारखाना सप्टेंबर २००४ मध्ये बंद झाला, काम मेक्सिकोतल्या रेनोसा शहरात गेले आणि सुमारे सोळाशे नोकऱ्या गेल्या. ज्या भाषणामुळे बराक ओबामा देशाला माहीत झाले, त्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या २००४ च्या अधिवेशनातल्या भाषणातही या कामगारांचा उल्लेख होता. अशा गावात माणूस घर विकून दुसरीकडे जाऊ म्हणतो, तेव्हा त्याच गल्लीतल्या आणखी चार घरांवर विक्रीच्या पाट्या लागलेल्या असतात.

टीएएमधून अशा कामगाराला फेरप्रशिक्षणाची फी मिळे. प्रशिक्षण चालू असेतो साप्ताहिक भत्ता मिळे आणि तो, नेहमीचा बेरोजगारी भत्ता धरून, २०१५ च्या कायद्याप्रमाणे १३० आठवड्यांपर्यंत जाऊ शके. दुसऱ्या गावी नोकरी शोधायला जाण्याचा आणि बिऱ्हाड हलवण्याचा काही खर्चही मिळे. हा दानधर्म नव्हता. सगळ्यांच्या फायद्यासाठी ज्याचा बळी दिला, त्याचे देणे होते. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणांसह लिहावे.

हिशेबी

गेल्सबर्गच्या कामगाराचे नुकसान मला मान्य आहे, पण त्याच्या नुकसानीला वेगळा दर्जा का, हे धाग्यात कुठेही सांगितलेले नाही. कारखाना बंद झाला की समोरच्या खाणावळीतली वाढपीणही घरी बसते. कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या दुसऱ्या कंपनीतल्या कामगाराला टीएएत जागा होती, पण दुपारचे जेवण वाढणाऱ्या बाईला नव्हती. पलीकडच्या गावात यंत्रमानव बसवल्यामुळे ज्याची नोकरी गेली, तोही बाहेर. तिघांचे घराचे हप्ते सारखेच थकतात. नोकरी का गेली यावर मदत ठरवायची म्हटले की सरकारला कारण ठरवणारा अधिकारी नेमावा लागतो, आणि ज्याच्या कारणाला शिक्का मिळाला नाही तो पहिल्यापेक्षा जास्त चिडतो.

शिवाय योजना काम तरी करत होती का? मॅथेमॅटिका या संस्थेने कामगार खात्यासाठी केलेले मूल्यमापन २०१२ साली आले. त्यात टीएएचे लाभ घेतलेल्या कामगारांची कमाई, तशाच पण लाभ न घेतलेल्या बेरोजगारांच्या तुलनेत, चौथ्या वर्षीही कमीच निघाली. दोन वर्षे वर्गात बसलेला पंचावन्न वर्षांचा वेल्डर बाहेर येतो तेव्हा नव्या क्षेत्रातला उमेदवार असतो आणि जुन्या क्षेत्रातली त्याची ओळखपाळख तुटलेली असते, त्यामुळे या निष्कर्षाचे मला आश्चर्य वाटले नाही.

डेन्मार्ककडे पाहा. तिथे नोकरीवरून काढणे सोपे आहे आणि बेरोजगारी विमा घेतलेल्याला आधीच्या पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत, कमाल मर्यादेच्या आत, दोन वर्षे भत्ता मिळतो. काम पोलंडला गेले की यंत्राकडे, हे कोणी विचारत नाही.

मध्यमपदलोपी

हिशेबी, २०१२ च्या अहवालावर थांबू नका. अर्थतज्ज्ञ बेंजामिन हायमन यांनी २०१८ साली वेगळी पद्धत वापरली. टीएएचे अर्ज कामगार खात्यातल्या निरनिराळ्या तपासनिसांकडे जात आणि कोणी हात सैल सोडणारा असे, कोणी कडक. जवळजवळ सारख्याच परिस्थितीतले कामगार निव्वळ तपासनीस कोण मिळाला यावरून आत किंवा बाहेर पडत. या दोन गटांची तुलना केल्यावर मंजुरी मिळालेल्यांची कमाई पुढच्या दहा वर्षांत एकूण सुमारे ५०,००० डॉलरने जास्त भरली. प्रशिक्षणाची पहिली वर्षे तोट्यात जातात, हे दोन्ही अभ्यासांत सारखेच आहे. फळ उशिरा येते आणि चार वर्षांवर हिशेब मिटवला तर ते वहीत येतच नाही.

डेन्मार्कचे उदाहरण आकर्षक आहे, पण अमेरिकेत त्याचा उपयोग फक्त टीएए बंद करण्याचे समर्थन म्हणून होतो. 'सगळ्यांनाच द्या' म्हणत विशेष योजना थांबवली, आणि सगळ्यांना काय मिळाले? बहुतेक राज्यांत बेरोजगारी भत्ता अजूनही २६ आठवडे आणि फ्लोरिडात तर अवघे १२. वाढपिणीला मिळत नव्हते म्हणून वेल्डरचेही काढून घेतले, तर वाढपिणीच्या ताटात काय पडले?

हिंजवडीकर

इथे काम जाणाऱ्या बाजूचेच सगळे बोलत आहेत. ज्या बाजूला ते काम येते तिथून थोडे लिहितो.

मी पुण्यात सॉफ्टवेअर सेवा देणाऱ्या कंपनीत आहे. अमेरिकेतल्या एका ग्राहकाचे काम आमच्याकडे आले तेव्हा केटी देणारे, म्हणजे काम समजावून सोपवणारे, तिकडचे गृहस्थ पन्नाशी उलटलेले होते. महिनाअखेरच्या रात्री कोणता जॉब कोणाच्या आधी चालवायचा आणि कोणता अडकला तर कोणाला उठवायचे, हे कुठल्याही कागदावर नव्हते, त्यांच्या डोक्यात होते. हस्तांतरण नीट पूर्ण केले तरच जाताना त्यांना रक्कम मिळणार होती. शेवटच्या कॉलवर त्यांनी आमच्या कंपनीचे पूर्ण नाव आणि शहराचे स्पेलिंग विचारून घेतले, कारण त्यांना सरकारी अर्जात काम कुठे गेले ते लिहायचे होते. मी सांगितले. कॉल संपल्यावर आमच्या मॅनेजरने मला विचारले की हे सांगायची काय गरज होती.

त्या अर्जामागची कथा मला नंतर वाचनातून कळली. अर्ज कंपनी, कामगार संघटना किंवा राज्याचा अधिकारी करू शके, किंवा कोणतेही तीन कामगार मिळून करू शकत. मग खाते कंपनीला आणि गरज पडल्यास तिच्या ग्राहकांना प्रश्नावली पाठवी. कारखान्याच्या बाबतीत हे जमण्यासारखे आहे. सॉफ्टवेअरच्या बाबतीत २००६ पर्यंत खात्याची भूमिका अशी होती की कायदा वस्तू बनवणाऱ्यांसाठी आहे, आणि सीडीसारख्या एखाद्या माध्यमावर न घातलेली प्रणाली ही वस्तू नव्हे. काढून टाकलेल्या प्रोग्रामरांनी आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात दावे लढवले, तेव्हा कुठे खाते नमले. सेवाक्षेत्र रीतसर आत आले ते २००९ च्या कायद्याने, आणि जुलै २०२१ मध्ये तरतुदी पुन्हा जुन्या रूपात गेल्या तेव्हा पुन्हा बाहेर फेकले गेले.

मुद्दा असा की त्या गृहस्थांचे निम्मे काम पुण्यात आले आणि उरलेले निम्मे आम्ही पहिल्याच वर्षी स्क्रिप्ट, म्हणजे ते काम आपोआप करणारे छोटे प्रोग्राम, लिहून संपवले. त्यांची नोकरी भारताने घेतली की स्क्रिप्टने? मला ठरवता येत नाही, आणि प्रश्नावली भरून घेणाऱ्या अधिकाऱ्यालाही ठरवता येईल असे वाटत नाही. त्यांना मदत मिळायला हवी होती याबद्दल मात्र शंका नाही.

ओहायोकर

मध्यमपदलोपी, तुम्ही टीएएला देणे म्हणता. इथे राहून मला ती सौद्यातली दलाली वाटते. योजना आली १९६२ साली, पण अटी इतक्या कडक होत्या की १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. १९७४ च्या कायद्याने अटी सैल केल्या, खर्च वाढला आणि १९८१ मध्ये रेगन यांच्या काळात पुन्हा कात्री लागली. पुढे जेव्हा जेव्हा योजना फुगली, तेव्हा बहुतेक वेळा शेजारी एखादा व्यापार करार किंवा त्यासाठीचे अधिकार मंजूर करून घ्यायचे होते. नाफ्टाच्या, म्हणजे अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातल्या व्यापार कराराच्या, वेळी तर स्वतंत्र शाखाच काढली होती. कामगार संघटना तिला अंत्यविधीचा विमा म्हणत, ते उगीच नव्हे.

सर्वांत बोलका प्रसंग जून २०१५ चा आहे. ओबामांना व्यापार करारांसाठी जलद मंजुरीचे अधिकार हवे होते आणि टीएए त्या विधेयकाला जोडलेले होते. प्रतिनिधिगृहात १२ जूनला टीएए ३०२ विरुद्ध १२६ मतांनी पाडले गेले, आणि विरोधात मत देणाऱ्यांत या मदतीचे जुने पाठीराखे डेमोक्रॅट मोठ्या संख्येने होते. गाडी थांबवायची म्हणून त्यांनी स्वतःचाच डबा घसरवला. त्याच महिन्यात दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मांडून मंजूर झाल्या, हे वेगळे. ज्या मदतीचा उपयोग मुख्यतः संमती विकत घेण्यासाठी होतो, ती संमतीची गरज संपली की संपते. २०२२ मध्ये तेच झाले.

आणि प्रमाण पाहा. २००० साली सुमारे १ कोटी ७३ लाख कारखानी नोकऱ्या होत्या, त्या २०१० च्या सुरुवातीला सुमारे १ कोटी १५ लाखांवर आल्या. चीनच्या आयातीचा फटका बसलेल्या भागांचा डेव्हिड ऑटर आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा तिथे टीएएवरच्या खर्चापेक्षा अपंगत्व भत्त्यावरचा खर्च कितीतरी पट जास्त वाढलेला दिसला. माणसे डॉक्टरचा दाखला घेऊन दुसऱ्या खिडकीत जाऊन उभी राहिली.

गिरणगावकर

कारणाचा शिक्का काय करतो ते आपल्याकडे पाहायला परदेशी जावे लागत नाही. १९८२ च्या संपानंतर केंद्र सरकारने १९८६ मध्ये कापडगिरणी कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला. कायम बंद झालेल्या गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी पगाराच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० टक्के आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के असा उतरता भत्ता होता. कागदावर हा अमेरिकेपेक्षा वाईट नव्हता. पण गिरणी कायद्याने बंद झालेली असावी लागे, म्हणजे बंदची रीतसर परवानगी हवी किंवा न्यायालयाने अवसायक, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, नेमलेला हवा. भोंगा वाजत नाही, खात्यात धागा नाही, फाटकावर कुलूप आहे, आणि तरीही कागदोपत्री गिरणी चालू. अशा गिरणीच्या कामगाराला कोणत्या वर्षीचे कोणते टक्के मिळणार?

तरी मी हिशेबी यांच्या बाजूचा नाही. आमच्या चाळीत ज्यांना तो भत्ता मिळाला त्यांच्या मुलांची शाळा त्या वर्षी सुटली नाही, एवढे मी पाहिले आहे. अट वाईट होती म्हणून निधीच वाईट ठरवणे हे मालकांच्या सोयीचे तर्कशास्त्र आहे. १९९२ च्या राष्ट्रीय नूतनीकरण निधीचेही तसेच. तो फेरप्रशिक्षणासाठी म्हणून निघाला आणि बहुतांश पैसा स्वेच्छानिवृत्ती देऊन सार्वजनिक उद्योगांतली माणसे कमी करण्यात गेला.

हिशेबी

गिरणगावकर, निधी वाईट होता असे मी म्हटलेले नाही, शिक्का वाईट असे म्हणतो आहे, आणि तुमच्या कुलूपबंद गिरणीने तेच दाखवले. हायमन यांच्या अभ्यासाचेही तेच. तपासनीस कोण मिळाला यावर माणसाची दहा वर्षांची कमाई ठरत असेल, तर मध्यमपदलोपी यांना त्यात योजनेचे यश दिसते आणि मला सोडत दिसते. शिवाय त्याच अभ्यासात वार्षिक फायदा दहाव्या वर्षापर्यंत विरत गेलेला आहे, हेही सांगायला हवे होते.

टीएएतली एक तरतूद मात्र मी उचलून ठेवीन. पन्नाशी ओलांडलेल्या कामगाराने कमी पगाराची नवी नोकरी धरली आणि त्याची नवी कमाई वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत असली, तर जुन्या आणि नव्या पगारातल्या फरकाची निम्मी रक्कम दोन वर्षांत जास्तीत जास्त १०,००० डॉलरपर्यंत मिळे. वर्गात बसण्याची सक्ती नाही, उलट कामावर लवकर परतण्याचे बक्षीस. हायमन आणि सहकाऱ्यांनी या पगारविम्याचाही अभ्यास केला. लाभार्थी लवकर कामाला लागले आणि वाचलेला बेरोजगारी भत्ता व वाढलेला कर यांतून योजनेचा खर्च भरून निघाला. हिंजवडीकरांच्या त्या गृहस्थांना नेमके हेच हवे होते. वयाची अट काढा, परदेशाची अट काढा आणि हा विमा सगळ्यांना लावा.

मध्यमपदलोपी

परदेशाची अट काढल्यावर पैसा कोण देणार, एवढे सांगा. व्यापाराशी जोडलेल्या मदतीला निदान बोट दाखवायला जागा होती: जकात उतरवल्याचा नफा इकडे, नुकसान तिकडे, आणि मधे सरकार. सर्वांसाठीचा पगारविमा म्हटले की तो वेतनावरच्या करातून येणार, म्हणजे वेल्डर आणि वाढपीण एकमेकांचा विमा भरणार, आणि काम रेनोसाला नेणारी कंपनी नामानिराळी.

हिशेबी

कंपनीकडून घ्या. अमेरिकेत बहुतेक राज्यांत बेरोजगारी विम्याचा हप्ता मालकच भरतो, आणि ज्याने जास्त माणसे काढली त्याचा दर चढतो. हीच पद्धत पगारविम्याला लावली की कंपनी काम मेक्सिकोला नेते की यंत्राकडे देते, याची चौकशी करावी लागत नाही. किती माणसे काढली, एवढे मोजले की पुरते.

गिरणगावकर

हे आपल्याकडे अंशतः लिहिलेले आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये कामगार कपात करणाऱ्या मालकाने दर कामगारामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी रक्कम पुनर्कौशल्य निधीत भरायची आणि ती कामगाराच्या खात्यात जमा व्हायची, अशी तरतूद आहे. कारण विचारलेले नाही, शिक्का नाही, मालकाकडून वसुली आहे, म्हणजे हिशेबी यांच्या सगळ्या अटी पूर्ण होतात. फक्त रक्कम पंधरा दिवसांच्या पगाराची आहे आणि गेल्सबर्गच्या वेल्डरला १३० आठवडे मिळू शकत होते. मालकांचा तेवढ्यालाही विरोध असतो, तर तुमचा दोन वर्षांचा पगारविमा त्यांच्याकडून कसा वसूल करणार, ते एकदा आकड्यांत मांडा.