सेंट लुईसचे १९०४ चे जागतिक प्रदर्शन: करमणूक की साम्राज्याची वकिली?

प्रश्न (नांदेड)
एम.ए. इतिहासाच्या चर्चासत्रासाठी मी अमेरिकेतील सेंट लुईस येथे १९०४ साली भरलेल्या प्रदर्शनावर टिपण तयार करीत आहे. तेथे फिलिपाइन्समधील हजारावर माणसे आणून, त्यांच्या वस्त्या उभारून ती लोकांना दाखवली गेली, असे वाचनात आले. हा निव्वळ गल्ला भरण्याचा प्रकार होता, की त्यामागे सरकारचा काही हेतू होता? जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (परभणी)
हेतू होता आणि तो लपवलेलाही नव्हता. १८९८ च्या पॅरिस तहान्वये अमेरिकेने स्पेनला दोन कोटी डॉलर मोजून फिलिपाइन्सची बेटे घेतली. तेथील स्वातंत्र्यवाद्यांशी पेटलेले युद्ध १९०२ मध्ये संपल्याचे जाहीर झाले, तरी हा खर्च आणि रक्तपात कशासाठी, असे विचारणारे घरचे विरोधक गप्प बसले नव्हते. म्हणून बेटांवरील अमेरिकी सरकारनेच प्रदर्शनातील फिलिपाइन्स विभागाचा घाट घातला. ४७ एकरांच्या आवारात मनिलाच्या तटबंदीची प्रतिकृती होती, निग्रितो, इगोरोत, मोरो आणि विसाया या तेथील लोकसमूहांच्या वस्त्या होत्या, मुलांची नमुना शाळा होती आणि अमेरिकी अमलाखालच्या फिलिपिनो स्काउट सैनिकांची कवायतही होती. ‘रानटी’पासून ‘सुधारलेल्या’पर्यंतची पायरी प्रेक्षकाने चालता चालता आपणच ताडावी, अशी ती मांडणी होती. प्रत्यक्षात झुंबड उडाली ती इगोरोतांच्या वस्तीपाशी, कारण ते कुत्र्याचे मांस खातात, हे वर्तमानपत्रांनी तिखटमीठ लावून छापले होते. उलट हेच ‘सुधारलेले’ स्काउट गोऱ्या शिक्षिकांसोबत फिरताना दिसले, तेव्हा अमेरिकी मरीन सैनिकांनी त्यांच्यावर हल्ला केला. सुधारणेची पायरी कुठवर चढू द्यायची, हे आधीच ठरलेले होते, असे माझे मत आहे.

उत्तर (अंबाजोगाई)
वरील विवेचन मान्य आहे, तथापि मांडून ठेवलेली माणसे केवळ बाहुली होती, असा समज त्यातून होऊ नये. प्रदर्शनात अमेरिकेतील मूळ रहिवासीही होते; त्यांपैकी अपाची जमातीचा योद्धा जेरोनिमो युद्धकैदी म्हणूनच तेथे आणला गेला होता. त्याचे छायाचित्र २५ सेंटला विकले जाई आणि त्यातले १० सेंट त्याला मिळत, मात्र स्वतःच्या सहीचे सगळे पैसे तो आपल्याकडे ठेवी. कैद सुटली नाही, पण व्यवहार त्याला चांगलाच कळत होता.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर)
तुलनेसाठी आपल्याकडचे, थोडे आधीचे उदाहरण घेता येईल. मेजर रॉबर्ट गिल यांनी ईस्ट इंडिया कंपनीसाठी अजिंठ्याच्या चित्रांच्या मोठ्या नकला केल्या; त्यांपैकी बऱ्याचशा लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत जळाल्या. येथे माणसे नव्हे, चित्रे होती, हा फरक मोठाच आहे आणि टिपणात तो स्पष्ट नोंदवावा. परंतु लेणी निजामाच्या मुलखात होती, कंपनीच्या नव्हे; म्हणजे जेथे थेट अंमल नव्हता, तेथील ऐवजही लंडनच्या प्रेक्षकांपुढे मांडला गेला, हा मुद्दा तुमच्या विषयाला उपयोगी पडेल.