मदत हवी आहे: नागपुरातील 1998 सालचे घर घेण्याआधी भिंतीची तिरकी भेग स्वतः कशी पारखावी?

नमस्कार. मानेवाडा भागात आम्ही एक स्वतंत्र घर पाहिले असून इसार द्यायचा की नाही, हे पंधरा दिवसांत ठरवायचे आहे. प्लॉट पंधराशे चौरस फुटांचा, बांधकाम 1998 सालचे, मागच्या अंगणात विहीर आणि मोठा कडुनिंब. बाबांच्या निवृत्तीच्या रकमेतला बराचसा भाग यात जाणार आहे. मालकी, आर.एल. (नागपूर सुधार प्रन्यासचे रिलीज लेटर) वगैरे कागदपत्रे वकील पाहत आहेत; माझा प्रश्न फक्त बांधकामाचा आहे. इंजिनीअरला बोलावणारच आहोत, पण त्यांना नेमके काय विचारायचे हे कळण्यापुरते तरी आपण स्वतः पाहिलेले असावे, असे मला वाटते.

पहिल्या भेटीत संध्याकाळ होती आणि भिंतींना नवा रंग दिलेला होता, त्यामुळे काहीच खटकले नाही. दुसऱ्यांदा मी आईसोबत सकाळी गेले आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा प्रकाश पाडला. मागच्या खोलीत खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून निघून जमिनीकडे तिरकी उतरणारी एक रेघ पुट्टीखाली स्पष्ट दिसली. बाहेर जाऊन पाहिले, तर त्याच जागी तशीच रेघ होती; म्हणजे भेग केवळ प्लास्टरची नसून भिंतीतून आरपार असावी. वरच्या टोकाला तिच्यात नख शिरते, खाली ती केसासारखी बारीक होत जाते.

आपल्याकडच्या काळ्या मातीचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे: पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पाया तिच्यातच थांबला असेल तर घराचा एखादा कोपरा दरवर्षी थोडा वर-खाली होत राहतो. सुदैवाने शेजारच्या प्लॉटवर पायाचे खोदकाम सुरू आहे, तिथे वर सुमारे पाच फूट काळी माती आणि त्याखाली मुरूम लागलेला मी पाहिला. आमच्या घराचा पाया मुरमापर्यंत नेला होता की नाही, हे मालकांना सांगता आले नाही; घर त्यांनीही दुसऱ्याकडून घेतलेले आहे.

भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहा, किंवा भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवा, ती तडकली तर भेग अजून वाढते आहे असे समजा, हा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. मालकांच्या परवानगीने मी खुणा केल्याही आहेत. पण माझी खरी अडचण इथेच आहे. मे महिन्यात माती पूर्ण वाळलेली असते, भेग तिच्या जास्तीत जास्त रुंदीला पोहोचलेली असते आणि पंधरा दिवसांत ती हलली नाही म्हणून ती स्थिरावली, असे म्हणता येणार नाही. खरी परीक्षा एक पावसाळा गेल्यावरच होईल, आणि तेवढा वेळ आम्हाला मिळणार नाही.

म्हणून मी जुन्या हालचालींच्या खुणा शोधू लागले. रंगाचा एक पोपडा निघालेला होता, तिथे नव्या पुट्टीखाली जुना गुलाबी डिस्टेंपर आणि त्याखाली सिमेंटचा वेगळा भराव दिसला, म्हणजे ही भेग याआधी निदान एकदा भरून पुन्हा उघडली आहे. त्याच खोलीच्या दाराची वरची कड रंधा मारून एका बाजूने जास्त उतरवलेली आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतेच, पण घरातल्या इतर कोणत्याही दाराला असा रंधा लागलेला नाही.

बाकी घराबद्दल थोडक्यात लिहिते. स्लॅबला खालून काठीने ठोकून पाहिले, स्वयंपाकघराच्या छताचा हातभर भाग पोकळ वाजतो, आत सळई गंजून काँक्रीट सुटत असावे. कूलरच्या खिडकीखाली लोणा आला आहे, पण ती ओल कूलरच्या पाण्याची आहे, हे डागाच्या जागेवरूनच कळते. गच्चीवर दोन बादल्या पाणी ओतले, ते पन्हाळीकडे नीट गेले. 23 सप्टेंबर 2023 रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. हे घर तिथून दूर आहे, तरी शेजारच्या काकूंना विचारून खात्री केली की पाणी या घराच्या जोत्यापर्यंत आले नव्हते.

पंधरा दिवसांत स्वतः करता येण्यासारखी आणखी कोणती तपासणी आहे? जोत्यालगत दोन-तीन फुटांचा खड्डा खणून पाया पाहू द्या, असे मालकांना म्हणणे रीतीला धरून होईल का?

भर (चार दिवसांनंतर): प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. ज्या काकांनी सांडपाण्याची वाट तपासायला सांगितली, त्यांचे विशेष आभार. काल न्हाणीघरात कपड्यांची नीळ घातलेले बादलीभर पाणी ओतले आणि बाहेर चेंबर उघडून बसले. निळे पाणी आले, पण जेमतेम निम्मे, आणि तेही पुढच्या पाइपात न जाता तळाच्या फुटक्या विटांमध्ये मुरून गेले. हे चेंबर भेगेच्या कोपऱ्यापासून चार फुटांवर आहे. म्हणजे तो कोपरा बारमाही ओला आणि कडुनिंबाची मुळे पाणी ओढून घेतात ती बाजू उन्हाळ्यात कोरडी ठक्क, असा प्रकार अनेक वर्षे चालू असावा.

मालक चेंबर दुरुस्त करून द्यायला तयार आहेत. काळ्या मातीवर घर असणाऱ्यांना माझी विनंती आहे: केवळ गळती बंद करून आणि जोत्याभोवती तीन फूट फरशीचा पट्टा करून तुमची भेग पुढच्या दोन पावसाळ्यांत थांबली का, की पायालाच हात लावावा लागला? लागला असल्यास खर्च किती आला, हेही कृपया लिहावे. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून मागायची आहे.