गॅस खोल जमिनीत, मग वस्तानच्या खाणीत कशाला जायचं?

ऋता (दांडिया बाजार, बडोदे):
एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला कॅम्बे शेल (खंभातच्या खोऱ्यातला, चिखल घट्ट होऊन झालेला थरांचा खडक) घेतलंय. सर म्हणतात, आधी सुरत जिल्ह्यात वस्तानच्या लिग्नाइट (कच्चा, तपकिरी कोळसा) खाणीत जा, थर मोजा. आपल्या विश्वामित्रीकाठी नुसता गाळ, पावागडला ज्वालामुखीचा खडक, त्यामुळे जायची हौस आहेच. पण ओएनजीसीने २०१३ मध्ये जंबुसरकडे शेल गॅससाठी विहीर खोदली ती खोलवरच्या शेलमध्ये. कोअर (विहिरीतून काढलेला खडकाचा दांडा) आणि लॉग (विहिरीत उपकरण सोडून घेतलेल्या मोजमापांचा आलेख) असताना खाणीची भिंत वेगळं काय सांगणार?

खडककाका:
ऋता, जाच. मी बरीच वर्षं विहिरींवर काढली. कोअर म्हणजे मनगटापेक्षा थोडा जाड दांडा. शेलमधल्या बऱ्याच भेगा उभ्या, विहीरही उभी, त्यामुळे दोघींची गाठ क्वचितच पडते. भेग किती लांब, दोन भेगांत अंतर किती, ती वरच्या कडक पट्ट्यात शिरते की तिथेच थांबते, हे भिंतीवर टेप लावल्याशिवाय कळत नाही. लॉगमध्ये तर वीतभर जाडीचे थरही एकमेकांत मिसळून जातात.

अमेरिकेतल्या मार्सेलस शेलला नाव मिळालं १८३९ मध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या मार्सेलस गावाजवळच्या उघड्या थरांवरून. तिथे उभ्या जॉइंटचे, म्हणजे खडकातल्या सरळ भेगांचे, दोन संच दिसतात, त्यातला एक पूर्व-ईशान्य दिशेचा. आडवी विहीर उत्तर-वायव्येकडे नेली की ती या संचाला जवळजवळ काटकोनात कापत जाते आणि जास्त भेगा गाठते. असा नकाशा हातात असला की विहीर कुठल्या दिशेला वळवायची ते ठरवता येतं.

एक मात्र सांभाळ. सुरुंगाने आणि वरचं ओझं निघाल्याने भिंतीला समांतर भेगा पडतात, त्या मोजू नकोस. भेगेत पांढरं काही भरलेलं दिसलं की सौम्य ॲसिडचा थेंब टाक. फसफसलं तर कॅल्साइट, म्हणजे ती भेग बहुधा जमिनीखालचीच. जिप्समच्या सुया असतील तर तो हवापाण्याचा खेळ.

मकरपुरावाला:
काकांना दुजोरा. हातातला गॅमा स्पेक्ट्रोमीटर (खडकातून निघणारे गॅमा किरण मोजणारं यंत्र) मिळाला तर तळापासून वर दर फुटाला पोटॅशियम, युरेनियम, थोरियम मोज. तो आलेख विहिरीच्या गॅमा लॉगशेजारी ठेवून कुठला भाग जुळतो ते बघ.

ऋता:
मग सेंद्रिय कार्बनचे, म्हणजे ज्यातून गॅस बनतो त्याचे, नमुनेही तिथूनच घेऊ?

खडककाका:
घे, पण पृष्ठभागावरचे नकोत. पहिल्या वर्षी मी वाळलेल्या भिंतीवरून पिशव्या भरल्या. हाताला पिवळी पूड लागत होती, तरी लक्षात आलं नाही. हवा लागून पायराइट (लोह-गंधकाचं खनिज) गंजलं होतं, सेंद्रिय द्रव्यही झिजलं होतं. अहवालात कार्बन इतका कमी आला की सगळा मोसम वाया गेला, अजून रुखरुख वाटते. कुदळीने हात-दीड हात आत जा. काळसर, ओलसर, पानासारखा सुटणारा तुकडा निघाला की लगेच पिशवी बंद.

तरी त्या आकड्यावरून गॅसचा अंदाज बांधू नकोस. खाणीत अजून लिग्नाइटच आहे, म्हणजे खडक पुरेसा तापलेलाच नाही. कोरड्या (सोबत तेल नसलेल्या) गॅससाठी व्हिट्रिनाइटची (कोळशातल्या एका सेंद्रिय घटकाची) परावर्तकता, म्हणजे खडक तापेल तशी वाढणारी चकाकी, साधारण १.३ टक्क्यांच्या वर लागते, लिग्नाइटची त्याच्या जवळपासही नसते. शिवाय वस्तान खोऱ्याच्या काठावर, तिथे दलदल होती. खोल भागातला गाळ वेगळा. भेगा आणि थरांची मांडणी भिंतीवरून घे, बाकीचं कोअरमधून.

दिवाळीनंतर जा, पावसात शेलचा चिखल होतो. व्यवस्थापकांची लेखी परवानगी आणि हेल्मेट हवंच. भिंतीच्या अगदी पायथ्याशी बसून मोजू नकोस, बाळा.